ड्रॉवर शेवटी कापा: पलंगाशेजारचं छोटं टेबल घरी बनवताना

आईच्या पलंगाशेजारी बरीच वर्षं एक प्लास्टिकचं स्टूल होतं. त्यावर चष्मा, पाण्याचं फुलपात्र, गोळ्यांचा डबा, मोबाईल, जपमाळ आणि पेपरातून कापून ठेवलेलं शब्दकोडं. रात्री अंधारात हात गेला की यातलं काहीतरी खाली जायचंच. शेवटी एका सुट्टीत मी दोन ड्रॉवरचं टेबल बनवायला घेतलं. टेबल झालं. ड्रॉवर मात्र आत जाईनात. अर्धं सूत जास्त!

सुतारांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. अर्धं सूत म्हणजे दीड मिलिमीटर, डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढं. पण ड्रॉवरला तेवढं पुरतं. मी उत्साहात सगळे तुकडे कागदावरच्या मापाने एकदमच कापून आणले होते आणि चॅनलची (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांची) जाडी १२ मिमी धरली होती. ती असते १२.७.

म्हणून या लेखातली कामाची गोष्ट आधीच सांगून टाकतो: आधी पेटी, म्हणजे टेबलाचा बाहेरचा सांगाडा, पुरी करायची, मग तिच्या आतलं खरं माप घ्यायचं आणि त्यानंतरच ड्रॉवरचे तुकडे कापायचे. बाकी सगळं थोडंफार चुकलं तरी सावरता येतं.

काय बनवायचं आहे

४५० मिमी रुंद, ४५० मिमी उंच आणि ४०० मिमी खोल अशी पेटी, खाली ४ इंची पाय, पुढे एकावर एक दोन ड्रॉवर. पायांसकट उंची ५५० मिमी, म्हणजे साडेएकवीस इंचांच्या आसपास. ही उंची आमच्या पलंगाची आहे. तुमच्याकडे गादीसकट जमिनीपासून किती उंची भरते ते मोजा आणि टेबल त्याच्या इंच-दोन इंच वर-खाली ठेवा. टेबल गादीपेक्षा फार उंच झालं तर झोपल्या झोपल्या पाणी घेताना कोपर वाकडं करावं लागतं. फार बुटकं झालं तर वाकावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला नेमकं तेच नको असतं.

पाय मुद्दाम दिले आहेत. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. प्लायची कड थेट फरशीवर टेकली की ती वर्षभर थोडं थोडं पाणी पीत राहते, मग फुगते आणि खालून पदर सुटायला लागतात. पाय असले की केरसुणीही खालून फिरते. सोफ्याला लावतात ते चपटी पट्टी असलेले लोखंडी पाय हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, चार स्क्रूंत बसतात.

लाकूड की प्लाय

सागवानाचा मोह सगळ्यांनाच होतो. आजोबांच्या काळची सागाची पेटी अजून जशीच्या तशी आहे, हे आपल्यातल्या अनेकांच्या घरात खरंही असतं. पण भरीव लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. ती हालचाल धरून सांधे कसे करायचे हे सुताराला माहीत असतं, आपल्याला नसतं. शिवाय रुंद फळी हवी असेल तर दोन-तीन फळ्या जोडाव्या लागतात, त्या रंधून एका पातळीत आणाव्या लागतात. पहिल्या कामाला प्लायच घ्या.

प्लायचा पूर्ण ताव ८ बाय ४ फुटांचा असतो. बाजारात 'कमर्शिअल' म्हणतात तो साधारणपणे एमआर दर्जाचा, म्हणजे दमटपणा सोसणारा. 'वॉटरप्रूफ' म्हणतात तो बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याची चाचणी सोसणारा. या दोन्हींवर आयएस ३०३ हा भारतीय मानकाचा शिक्का असतो. त्याच्याही वरचा मरीन प्लाय, त्यावर आयएस ७१०. बेडरूमच्या कोरड्या भिंतीला एमआर चालून जातो. मी मात्र बीडब्ल्यूआर घेतो, कारण पाण्याचं फुलपात्र आज ना उद्या लवंडणारच. मरीनची इथे गरज नाही. तो सिंकखालच्या कपाटासाठी ठेवा.

ताव निवडताना दोन गोष्टी बघा. एका टोकाला डोळा लावून लांबीकडे बघा, पीळ असेल तर लगेच दिसतो. मग कड बघा: पदर सलग आहेत का, मध्ये पोकळ फटी आहेत का. बोटाच्या गाठीने ठोकत गेलात तर पोकळ जागी आवाज बदलतो. भिंतीला तिरका टेकवून महिनोन्‌महिने ठेवलेला ताव घेऊ नका. त्याला पोट आलेलं असतं आणि ते तुमच्या घरी येऊन जात नाही.

पूर्ण ताव घेण्याची गरज नाही. १८ मिमीचा ४ बाय ४ फूट तुकडा, १२ मिमीचा ४ बाय २ आणि ६ मिमीचा ४ बाय २ एवढं पुरतं. दुकानदार अर्धा ताव द्यायला नाखूश असेल तर उरलेल्या तुकड्यांचा ढीग कुठे आहे ते विचारा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी दोन-चार दुकानं फिरलात तर तुकडे मिळून जातात.

कापून आणण्याचे तुकडे

घरी करवतीने १८ मिमी प्लाय सरळ कापणं नवख्याला जवळजवळ अशक्य आहे. बहुतेक मोठ्या दुकानांत किंवा शेजारी कटिंगचं मशीन असतं. तिथूनच कापून आणा. यादी मिलिमीटरमध्ये द्या आणि कापणाऱ्यालाही मिलिमीटरमध्येच मापायला सांगा. दुकानात जाडी 'एमएम'मध्ये आणि लांबी-रुंदी फूट-इंचात बोलायची पद्धत आहे. ४५० मिमीचं तो सहज 'पावणेअठरा इंच' करतो, आणि पावणेअठरा म्हणजे जवळपास ४५१. एवढ्या-तेवढ्याने काय होतं, असं त्याला वाटतं. पुढे आपल्याला कळतं.

१८ मिमी प्लायमधून:
वरची फळी, ४५० × ४२० – १
तळाची फळी, ४५० × ४०० – १
बाजू, ४१४ × ४०० – २
ड्रॉवरचे दर्शनी भाग, ४४६ × २१३ – २

६ मिमी प्लायमधून:
पाठ, ४४६ × ४४६ – १
ड्रॉवरच्या तळासाठी उरलेला तुकडा तसाच घरी आणा.

१२ मिमी प्लायमधून:
१४० मिमी रुंदीच्या, ४ फूट लांब पट्ट्या – ३. फक्त पट्ट्या. लांबीचे तुकडे नंतर घरी करायचे आहेत.

१८ मिमीचा तुकडा असा लावायला सांगा: पहिल्या ४५०च्या पट्ट्यात वरची आणि तळाची फळी शेजारी शेजारी, दुसऱ्या ४१४च्या पट्ट्यात दोन्ही बाजू, तिसऱ्या २१३च्या पट्ट्यात दोन्ही दर्शनी भाग. पातं दर कापाला साधारण ३ मिमी लाकूड खातं, ते धरूनही ४ फुटांत सगळं बसतं. बाजूंबद्दल सांगायचं ते एवढंच की दोन्ही एकाच सेटिंगवर काप. दोन्ही ४१३ झाल्या तरी चालतील, पण एक ४१४ आणि दुसरी ४१२ असं नको.

वरची फळी २० मिमी जास्त खोल का? ती पुढे डोकावते आणि ड्रॉवरचे दर्शनी भाग तिच्या खाली झाकले जातात. वर सांडलेलं पाणी मग थेट ड्रॉवरच्या फटीत जात नाही.

हत्यारं

ड्रिल मशीन, ३ मिमी आणि २ मिमी बिट, स्क्रूचं डोकं बुडवायचा बिट, मेझर टेप, पोलादी फूटपट्टी, गुण्या (काटकोन तपासायला), बारीक दातांची करवत, हातोडी, कानस, दोन-तीन सी-क्लॅम्प, ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. गुण्या स्वस्तातला घेऊ नका. घेताना तिथेच तपासा: फळीच्या कडेला लावून एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर घ्या. खोटा गुण्या सगळ्या कामाला वाकडं करतो, आणि दोष आपल्या हातावर येतो.

सामान: ४० मिमी आणि ३० मिमीचे चिपबोर्ड स्क्रू, २५ मिमीचे थोडे, चॅनलसाठी १६ मिमी आणि १२ मिमीचे चपट्या डोक्याचे स्क्रू, एक इंची चुका, पांढरा फेविकॉल, १४ इंची टेलिस्कोपिक चॅनलच्या दोन जोड्या, दोन हँडल, चार पाय. काळे जिप्समचे स्क्रू सगळीकडे मिळतात आणि स्वस्त असतात, पण ते कडक असतात. जोर दिला की मान मोडते आणि अर्धा स्क्रू आत अडकून बसतो.

'चुका' हा शब्द नवख्यांना गंमतीचा वाटतो. बारीक खिळ्यांना सुतार चुका म्हणतात. दुकानात जाऊन 'पाव किलो चुका द्या' म्हणताना मला पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर घरी आल्यावर कळलं की पाव किलो पुरणार नाहीत.

काम जमिनीवर बसून करा. आपले सुतार पिढ्यान्‌पिढ्या तसंच करत आले आहेत. पायाचा आणि गुडघ्याचा शिकंजा होतो आणि वेगळं टेबल लागत नाही. खाली जुनी सतरंजी घाला, म्हणजे फरशीवरही चरा नको आणि प्लायवरही. पायात चप्पल असू द्या, कापताना आणि घासताना नाकावर मास्क.

पेटी

बाजू तळावर उभ्या राहतात आणि वरची फळी बाजूंवर बसते. म्हणजे वजन सरळ फळ्यांतून पायांवर जातं, स्क्रूंना लोंबकळत नाही. स्क्रूंचं काम फक्त धरून ठेवायचं.

तळाच्या फळीच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून ९ मिमी आत रेघ मारा. १८ मिमी बाजूचा मध्य तोच. त्या रेघेवर तीन-तीन भोकं ३ मिमीच्या बिटने पाडा: पुढून आणि मागून ५० मिमीवर एकेक, मध्ये एक. वरच्या फळीलाही तसंच, पण लक्षात ठेवा, ती पुढे २० मिमी जास्त आहे. भोकांची मापं मागच्या कडेपासून घ्या.

आता बाजूच्या कडेला फेविकॉलची एक सलग ओळ लावा, बोटाने पसरा, तळाच्या फळीवर ठेवा, क्लॅम्प लावा. भोकातून पुन्हा ड्रिल घालून बाजूच्या कडेतही ३ मिमीचं भोक करा. हे टाळून थेट स्क्रू फिरवला तर प्लायचे पदर फाटतात. फाटलेली कड दिसायला बारीकच दिसते, पण तिथे पकड उरत नाही. मग ४० मिमीचे स्क्रू. सगळे आधी तीन-चतुर्थांश आत घ्या, गुण्या लावा, मग कसा.

दुसरी बाजू, मग वरची फळी. वरचे स्क्रू वरूनच मारायचे, डोकी लाकडात थोडी बुडवून. दिसतील म्हणून घाबरू नका, त्यावर नंतर सनमायका येणार आहे.

फेविकॉल ओला आहे तोवर कर्ण मोजा. पेटी पुढून बघा, आतल्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक माप, दुसरं उलट्या कोपऱ्यांतून. दोन्ही सारखे असले की पेटी काटकोनात आहे. आपल्या मापाला तो सुमारे ५८५ मिमी येतो, पण आकड्याला महत्त्व नाही, दोन्ही सारखे येण्याला आहे. एक जास्त भरला तर त्या कर्णाच्या दोन टोकांना धरून हळू दाबा.

कर्ण जुळले की लगेच पाठ लावा. पेटी तोंडावर पालथी घाला (वरची फळी पुढे डोकावते, म्हणून बाकीच्या भागाखाली फळ्यांचे तुकडे द्या), मागच्या कडांना फेविकॉल, त्यावर ६ मिमीची पाठ, चारी बाजूंनी २ मिमी आत, आणि दर १०० मिमीवर एक चूक. या पातळ फळीला कमी लेखू नका. ती नसेल तर पेटी पत्त्यांच्या घरासारखी डुलते. पाठच पेटीला काटकोनात धरून ठेवते.

रात्रभर राहू द्या. कितीही हात शिवशिवले तरी.

आता माप

सकाळी पेटीच्या आतली रुंदी मोजा. पुढे वर, पुढे खाली, मागे वर, मागे खाली अशी चार ठिकाणी. कागदावर ती ४१४ आहे. पण १८ मिमीचा म्हणून विकला जाणारा प्लाय पुष्कळदा साडेसतरा भरतो. तसं असेल तर आतली रुंदी ४५० उणे ३५, म्हणजे ४१५ येते. मी सगळे तुकडे आधी कापायला विरोध करतो तो यासाठी.

चारांतलं सगळ्यात लहान माप घ्या आणि त्यातून २६ मिमी वजा करा. दोन चॅनलची जाडी मिळून २५.४, वरचा अर्धा मिलिमीटर श्वास घ्यायला. ४१४ असेल तर ड्रॉवरची बाहेरून रुंदी ३८८. ड्रॉवर एक मिलिमीटर अरुंद झाला तर चॅनलमागे सनमायकाचा तुकडा घालून भरता येतो. रुंद झाला तर रंधायला बसावं लागतं, आणि प्लाय रंधणं हे शिक्षेसारखं काम आहे. शंका असेल तेव्हा अरुंदच ठेवा.

आता १४० मिमीच्या पट्ट्यांतून कापा: ड्रॉवरच्या बाजू ३५० मिमीच्या चार, आणि पुढचे-मागचे तुकडे चार. पुढच्या-मागच्यांची लांबी म्हणजे ड्रॉवरच्या रुंदीतून दोन बाजूंची जाडी वजा, ३८८ उणे २४ म्हणजे ३६४. इथेही १२ मिमी प्लायची खरी जाडी मोजून वजा करा. १४० मिमी रुंद पट्टी बारीक दातांच्या करवतीने घरी नीट कापता येते. गुण्याने चारी अंगांना रेघ मारा, रेघेच्या बाहेरून कापा, उरलेलं कानसीने किंवा पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळून रेघेपर्यंत आणा. चारही तुकडे एकत्र उभे धरून बघा, डोकी एका पातळीत आली पाहिजेत.

जोडणी पेटीसारखीच: फेविकॉल, २ मिमीची भोकं, प्रत्येक कोपऱ्याला ३० मिमीचे दोन स्क्रू, कर्ण. मग चौकट ६ मिमीच्या तुकड्यावर ठेवून पेन्सिलीने बाहेरून रेघ मारा, तेवढा तळ कापा आणि खालून फेविकॉल व चुका. खाच पाडून त्यात तळ सरकवणं जास्त मजबूत, पण त्याला राउटर नावाचं खाच पाडायचं मशीन लागतं. गोळ्या, चष्मे आणि पुस्तकं यांच्यासाठी चुकांचा तळ पुरतो. लोखंडी डंबेल्स ठेवायचे असतील तर गोष्ट वेगळी.

चॅनल

सगळ्यांना याचीच भीती असते, आणि थोडी बरोबर असते. चॅनलची जोडी हातात घ्या, पूर्ण ओढा. आतल्या पट्टीवर एक काळी प्लास्टिकची कळ दिसेल. ती दाबली की आतली पट्टी सुटते. डाव्या-उजव्या चॅनलची कळ एक वर आणि एक खाली दाबावी लागते. घरातल्या सगळ्यांना हे एकदा दाखवून ठेवा, नाहीतर साफसफाईच्या वेळी कोणीतरी ड्रॉवर हिसका मारून काढेल.

बाहेरची पट्टी पेटीला, आतली ड्रॉवरला. चॅनलच्या मधोमध भोकांची ओळ असते. तीच आपली मध्यरेषा. पेटीच्या आत, दोन्ही बाजूंवर, तळाच्या फळीच्या वरच्या पृष्ठापासून ७५ मिमी आणि २७३ मिमीवर पूर्ण खोलीच्या रेघा मारा. ड्रॉवरच्या बाजूंवर, ड्रॉवरच्या अगदी खालच्या कडेपासून (तळ धरून) ६० मिमीवर रेघ. या हिशेबाने खालचा ड्रॉवर तळापासून १५ मिमी वर तरंगतो आणि वरच्याला मोकळी जागा राहते.

रेघ टेपने मोजून मारण्यापेक्षा एक युक्ती करा. ७५ मिमी रुंदीचा एक टाकाऊ तुकडा तळावर ठेवा आणि त्याच्या वरच्या कडेने दोन्ही बाजूंना पेन्सिल ओढा. डावी-उजवी रेघ मग आपोआप सारखी येते. २७३साठीही तसाच तुकडा.

पेटीच्या पुढच्या कडेपासून चॅनल २ मिमी आत ठेवा. पेटीत १६ मिमीचे स्क्रू चालतात. ड्रॉवरच्या १२ मिमी बाजूत मात्र १२ मिमीचेच मारा, नाहीतर टोक आत येईल आणि चष्म्याचं कापड त्यात अडकेल. चॅनलला काही भोकं गोल आणि काही लांबट असतात. पहिल्यांदा फक्त लांबट भोकांत स्क्रू मारा. ड्रॉवर घाला, ओढा, ढकला. जड जातोय, एका बाजूला झुकतोय, असं वाटलं तर स्क्रू किंचित सैल करून चॅनल वर-खाली सरकवता येतं. मनासारखं झालं की मग गोल भोकांत एकेक स्क्रू मारून कायमचं करा.

ड्रॉवर जड जात असेल तर आधी वंगणाची बाटली शोधू नका. नव्वद टक्के वेळा दोष मापात असतो. पेटीच्या तोंडाशी सैल आणि आत गेल्यावर घट्ट, म्हणजे पेटी मागे अरुंद आहे. सगळीकडेच घट्ट, म्हणजे ड्रॉवर रुंद आहे. खडखडतो आणि डाव्या-उजव्याला हलतो, म्हणजे अरुंद: सनमायकाची चकती चॅनलमागे. आणि घासायचं काम चॅनल लावण्याआधीच उरकून घ्या. भुसा आत गेला की चॅनलमधल्या गोळ्या करकरतात.

दर्शनी भाग

दोन्ही ड्रॉवर बंद करा. खालच्या ड्रॉवरच्या पुढच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. दर्शनी भागाची खालची कड पेटीच्या तळाच्या खालच्या कडेशी बरोबर आणि दोन्ही अंगांना २ मिमी आत ठेवून दाबा. मग त्याच्यावर ३ मिमी जाडीचं काहीतरी ठेवा, जाड पुठ्ठ्याचे तुकडे चालतात, आणि त्यावर वरचा दर्शनी भाग टेकवून दाबा. वर, फळीखालीही ३ मिमी फट उरली पाहिजे. लांब उभं राहून बघा. फट वाकडी दिसली तर अजून टेपच आहे, काढून परत लावा. फट समांतर आहे का, हे मेझर टेपपेक्षा डोळ्याला चटकन कळतं.

पटलं की ड्रॉवर हळूच ओढून आतून २५ मिमीचे चार स्क्रू. १२ आणि १८ मिळून ३० होतात, म्हणून २५चा पुढे फुटत नाही.

हँडलसाठी भोकं पाडताना तेवढाच हिशेब उलटा येतो. हँडलबरोबर येणारे स्क्रू बहुधा एकाच फळीच्या मापाचे असतात. आपल्याकडे दोन फळ्या आहेत, ३० मिमी. ४० मिमीचे स्क्रू वेगळे मागून घ्या, नाहीतर रविवारी संध्याकाळी हँडल हातात धरून बसावं लागेल. भोकांमधलं अंतर हँडल घेतानाच मोजा. ९६ आणि १२८ मिमी ही नेहमीची मापं.

रंग आणि सनमायका

हँडल, चॅनल, ड्रॉवर सगळं परत सोडवा. हो, सगळं. रंग लागलेलं चॅनल कोणालाच नको असतं.

फटी आणि स्क्रूच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. बारीक फटीला भुसा आणि फेविकॉल कालवून भरलं तरी चालतं. प्लायच्या उघड्या कडांना लांबीचे दोन हात द्या, कारण कड रंग पिऊन टाकते. ८०, १२०, मग २२० नंबरने घासा, प्लायच्या रेषांच्या दिशेनेच. वूड प्रायमरचा एक हात, २२०ने हलकं घासून ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस. जाड एक हात देऊन वेळ वाचत नाही, तो ओघळतो. ड्रॉवर आतून रंगवू नका, पारदर्शक वॉर्निश पुरे. औषधांच्या शेजारी ऑइल पेंटचा वास महिनाभर कोणाला हवाय? जुलै-ऑगस्टच्या संततधारेत हे काम काढूच नका. हवेत ओल असताना रंग बोटाला चिकटत राहतो आणि वॉर्निशवर पांढुरकी छटा येते.

वरच्या फळीला मात्र रंग नको. गरम चहाचा कप आणि ओलं फुलपात्र यांच्यापुढे रंग टिकत नाही, गोल डाग पडतात. तिथे १ मिमी सनमायका लावा. ४५५ × ४२५चा तुकडा घ्या, घरी कापायचा असेल तर सनमायका कटरने डिझाइनच्या बाजूने पाच-सहा वेळा चर ओढून वरच्या दिशेला मोडा. फळीवर फेविकॉल पातळ आणि सगळीकडे सारखा पसरा, सनमायका ठेवा, मधून कडेकडे हात फिरवून हवा काढा, चारी कडांना मास्किंग टेप आणि वर सपाट फळी ठेवून जड वजन. आमच्याकडे तांदळाचा डबा होता. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेली कड कानसीने घासा, पण कानस नेहमी वरून खाली, प्लायच्या दिशेला. वर ओढली की सनमायकाचा टवका उडतो आणि तो नेमका समोरच्या कोपऱ्यात उडतो.

ठेवताना

पाय लावा, पेटी जागेवर ठेवा, डुगडुगते का बघा. मग एक लोखंडी एल पत्ती मागून भिंतीला. एवढ्याशा टेबलाला कशाला, असं वाटेल. पण दोन्ही भरलेले ड्रॉवर एकदम उघडले की वजन पुढे जातं, आणि लहान मूल ड्रॉवरवर पाय देऊन चढतंच. २०१६ साली आयकियाने अमेरिकेत सुमारे २.९ कोटी ड्रॉवरची कपाटं परत मागवली, कारण भिंतीला न बांधलेली अशी कपाटं मुलांच्या अंगावर पडून मृत्यू झाले होते. आपलं टेबल त्यांच्यापेक्षा बुटकं आहे, तरी एक पत्ती आणि दोन स्क्रू यांत कंजुषी नको.

पंधरा दिवसांनी चॅनलचे आणि हँडलचे स्क्रू एकदा परत कसा. नव्या प्लायमध्ये ते थोडे बसतात. आमच्या वरच्या ड्रॉवरमध्ये आता गोळ्या आणि चष्मा आहे, खालच्यात शब्दकोड्यांची कात्रणं. फुलपात्र अजूनही वरच असतं, आणि महिन्याभरात दोनदा लवंडून झालं आहे.